केसरला पाव्हणी व्हायचं होतं

केसर माझी चुलतजाऊ. तिच्या-माझ्या घरात एक कुडाची भिंत, तीसुद्धा नावाला. तिच्याकडे फोडणी पडली की शिंक मला यायची. थळच्या अलीकडे समुद्राला लागून आमचा कोळवाडा. मी दुसरी यत्ता अर्धी केली, केसरनं शाळेचं दारही बघितलं नव्हतं. पण डोक्यावरची पाटी उतरवून ती गिऱ्हाइकाशी बोलायला लागली की अलिबागचे वकीलसुद्धा दोन पावलं थांबून ऐकत. उंच, सावळी, चालताना टाच आपटणारी बाई. रंगूआत्या म्हणायची, "ही वाळूवरून निघाली की कुर्ल्या बिळात जातात."

रंगूआत्या म्हणजे आमच्या दोघींच्या नवऱ्यांची आत्या. लवकर विधवा झाली आणि भावाच्या घरी येऊन राहिली. तोंडानं फटकळ, पण पोटात काही नाही. म्हणजे राग नाही म्हणते मी. बाकी पोटात पुष्कळ काही मावायचं तिच्या.

केसरला माहेर नव्हतं. आई ती रांगत असतानाच गेली. बाप दुसरी बायको करून उरणला मिठागरावर गेला तो तिकडचाच झाला. पाठीला भाऊ नाही. दिवाळी सरली की कोळवाड्यातल्या आम्ही सुना चार दिवस माहेरी जायचो, आणि मागं केसर आमच्या सगळ्यांचे बोंबील वलांडीवर टाकायची. वलांडी म्हणजे बांबूची उंच मांडणी, तिच्यावर बोंबील जोडीजोडीनं अडकवून सुकवतात. आम्ही परत आलो की ती एकच चौकशी करायची.

"वाढलं कोणी?"

"वहिनीनं."

"आणि तू पानावरून उठलीस काय मधी?"

"न्हाय गो. पाण्यालासुद्धा उठले न्हाय."

"पाण्यालासुद्धा न्हाय," ती म्हणायची, आणि पुन्हा कामाला लागायची. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटायचं नाही. ज्याच्या पायात चप्पल आहे त्याला काट्याचं काय.

आमच्या किनाऱ्यासमोर एक लहानसं बेट. माडांची दाटी, आणि माडांच्या पलीकडे, उघड्या समुद्राकडे तोंड करून, मुंबईच्या एका पारशी शेठचा बंगला. शेठ वर्षातून एकदा नाताळच्या सुट्टीला यायचे, चार दिवस राहायचे, की मग वर्षभर बंगल्याला कुलूप. त्या कुलुपाची चावी माझ्या भावाच्या, विठोबाच्या कमरेला. तो तिथला राखणदार. चार यत्ता शिकलेला, मनगटाला शेठनं दिलेलं बंद घड्याळ. वेळ विचारली की घड्याळाकडे बघायचा आणि मग सूर्याकडे बघून सांगायचा.

केसर लग्न होऊन आली त्या वर्षी बंगल्याची डागडुजी चालली होती. तिथं तिनं महिनाभर चुन्याची घमेली वाहिली होती. आत पाऊल टाकायला मिळालं नाही, पण मचव्यातून खाटा उतरताना तिनं बघितल्या. घरी येऊन मला म्हणाली, "सहा खाटा गो! आणि एका खाटेवर एकच माणूस!" आमच्या घरात तेव्हा अकरा माणसं एका ओळीत झोपायची. मधल्यानं कूस बदलली की कडेचा दाराबाहेर.

देशाला स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. भाऊबीजेला विठोबा माझ्याकडे आला. मी ओवाळलं, त्यानं लुगडं घातलं. तोच केसर आपलं निरांजन घेऊन दारात उभी.

"विठोबा, मला भाऊ न्हाय. आज मी ओवाळते तुला."

विठोबा गडबडला. "ओवाळ की, पण तुझ्या ताटात घालायला मी काय आणलं न्हाय."

"बंगला घाल," केसर म्हणाली.

सगळे हसले. विठोबाही हसला. आणि मग काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, कमरेची चावी काढून त्यानं खण्णकन ताटात टाकली. म्हणाला, "तीन रात्री. शेठ नसताना ये आणि पाव्हणी म्हणून राहा. चावी मी परत घेतो, शब्द तुझा तुला."

निरांजनाच्या उजेडात केसरचा चेहरा मी बघितला. माझ्या लुगड्याचा काठ मला एकदम फिका वाटला.

त्या दिवसापासून केसर हिशेबाला लागली. पैशांचा हिशेब नव्हे, पैसे होते कुठं! सगळं फुकटात बसवायचं होतं. होडी कोण देणार? घरची होडी मासळीला. मग पायी जायचं. आमच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंत पाण्याखाली खडकाची धार आहे. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण येतं, तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. त्या ओहोटीला धारेवर गुडघाभर पाणी राहतं आणि बाईमाणूससुद्धा पार जातं. कालवं फोडायला आम्ही जायचोच तशा. पण ती वाट घटका-दोन घटका उघडी. मग समुद्र मिटला की पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरचा माणूस बेटावर.

अडचण अशी, की उधाणालाच भर समुद्रात बांधलेल्या डोलीच्या जाळ्यात बोंबील मुसंडी मारून येतो. ज्या दिवशी वाट उघडी, त्याच दिवशी घरात कामाचा डोंगर. केसरनं तोडगा काढला. थोरल्या जावेला म्हणाली, "पुनवेचं माझं काम तुम्ही वढा, अवसेचं सगळं घरचं मी एकटी वढते." जाऊ कशाला नको म्हणेल! सासूनं अट घातली, रंगू बरोबर जाईल तर जा. राखणदार माझा भाऊ, म्हणून तिसरी मी. नवरा हरेश्वर जाळं विणता विणता म्हणाला, "घरात झोप येत न्हाय काय तुला?"

"येते की. पण उठवणारी माणसं लई हायत."

मग दिवस कुठला धरायचा? शेठ यायच्या वेळेला जाऊन उपयोग नाही. केसर म्हणाली, "गेल्या साली शेठ आले तेव्हा चवथ-पंचमीची कोर व्हती. मला पक्कं याद हाय. म्हणजे त्यांचा नाताळ पंचमीला. आपण मार्गशीर्षी पुनवेला जाऊ. तोवर शेठ येऊन गेलेला असेल, न्हायतर पुढच्या पंचमीला येईल."

मला पटलं. आमची होळी पुनवेला, गणपती चवथीला, नारळ वाहायचा तो पुनवेला. सगळ्या देवांचं तिथीवर चालतं, तर नाताळ काय बिनतिथीचा असेल? ही अक्कल एकटीची नव्हे, अख्ख्या वाड्याची होती. विठोबाला विचारलं, त्यानं बोटांवर मोजल्यासारखं केलं आणि म्हणाला, "या. शेठ न्हाय."

आता शिधा. तांदूळ, वाल, गूळ, मीठ. जळण न्यायचं नाही, वाहून आलेली लाकडं बेटावर पडलेली असतात. माड पुष्कळ, पण नारळ शेठचे, म्हणून एक नारळ आपला. मासळी अजिबात नाही.

"का म्हणून?" रंगूआत्या ओरडली.

"आत्या, मी तीन दिवस त्या वासाला सुट्टी द्यायला चाललेय."

"अगो, पण माझी जीभ कशाला सुट्टीवर पाठवतेस!" आत्यानं मग चार मुठी जवळा कनवटीला बांधून घेतला. आम्हाला कळला तो वासानं.

पाण्याचा प्रश्न मोठा. बेटावर गोड्या पाण्याची विहीर नाही. पावसाच्या पाण्याची टाकी आहे ती शेठची. तेव्हा दरएकीनं आपला हंडा डोक्यावर न्यायचा. तीन दिवस एका हंड्यात काढायचे, अंघोळ समुद्रात. केसरनं आधी दोन संध्याकाळी भरला हंडा घेऊन लाटेत चालायचा सराव केला. किनाऱ्यावर बाया हसत होत्या. "केसर, समुद्राला पाणी घालायला निघालीस काय गो?" तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

पुनवेच्या पहाटे आम्ही निघालो. पुढं केसर, मधे आत्या, मागं मी. पाणी थंडगार. आत्या दर दहा पावलांना मरणाची भाषा करत होती. केसर मात्र एकेक पाऊल चाचपून टाकत होती. तिच्या हंड्यावर पितळी झाकण, झाकणावर नवं लुगडं घडी करून. पार गेलो तेव्हा सूर्य उगवला होता, आणि तिच्या हंड्यातलं थेंबभर पाणी सांडलेलं नव्हतं.

माडांतून वर आलो तर पोरांचा गलका ऐकू आला. दोरीवर पांढरे कपडे वाळत होते. बंगल्याच्या पलीकडे पाण्यात मोठा मचवा उभा, गावातून दिसत नाही अशा जागी. विठोबा पांढरी टोपी घालून पळत आला.

"आलात? वेळेवर आलात. चूल पेटवून ठेवलीय."

केसर माझ्याकडे वळून हसली. "बघ गो. भावानं चूल पेटवून ठेवलीय."

त्या दिवसातलं मी काही विसरले नाही. तिचं ते हसू तर नाहीच.

तेवढ्यात व्हरांड्यात एक गोरी, जाडशी शेठाणी आली. तोंडभर हसून म्हणाली, "आवी गया? विठोबाने सांगितला, तीन बाई येनार, लई चांगला रांधते. पहिला चाय करा हां, पोरा लोक भुका हाय."

केसरनं डोक्यावरचा हंडा उतरवला आणि उंबऱ्यापाशी ठेवला. सावकाश ठेवला. मग विठोबाला म्हणाली, "शेठ न्हाय म्हणालास."

"अगो, नाताळ उद्या हाय. तो तारखेवर असतो, तिथीवर न्हाय."

"तुला कधी कळलं?"

विठोबा टोपी नीट करायला लागला. "पत्र आलं व्हतं."

"कधी?"

"वद्य अष्टमीला."

"म्हणजे तीन आठवडे झाले. सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस काय?" हे तो इतक्या सरळपणे बोलला की मलाच मान खाली घालावी लागली. "मुंबईचा स्वयंपाकी आजारी पडला. आठ माणसं हायत. शेठ म्हणाला बाया बघ, न्हायतर मी दुसरा राखणदार बघतो. मी म्हटलं, माझ्या बहिणी येणारच हायत."

"बहिणी म्हणालास?"

"व्हय. तीन रात्री राहायचंच हाय ना तुला? राहा की. मागच्या पडवीत जागा हाय."

केसर मागं वळून बघायला लागली. धार दिसेनाशी झाली होती. पाणी चढलं होतं. आता संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत कुठं जाणार? तिनं झाकणावरचं लुगडं उचललं, आणि उतारावरच्या खडकावर बंगल्याकडे पाठ करून जाऊन बसली.

रंगूआत्या म्हणाली, "माझी कंबर गेली," आणि पडवीत आडवी झाली. चहा झाला की उठवा, असंही म्हणाली.

मी काय केलं ते सांगते. मी चुलीपाशी गेले. विठोबाच्या घरी चार तोंडं होती, त्याची भाकरी जाईल ही भीती मला खरोखर होती. पण पुढचं काम मी केलं त्याला ती भीती कारण नाही. चहाचं आधण ठेवायला विठोबानं टाकीचं पाणी आणलं, त्यात शेवाळ आणि मेलेली पाल. तो म्हणाला, "तुमच्या हंड्यातलं घाल आता, मग मी टाकी उपसून गाळून देतो." हंडे तीन होते. आत्याचा निम्मा वाटेतच सांडला होता. माझा भरलेला, माझ्या पायाशी. केसरचा उंबऱ्यापाशी. मी माझा ओलांडून गेले आणि तिचा उचलला.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की हाताला जो आला तो घेतला. तसं नव्हे. मला माझं पाणी राखायचं होतं. ती आता राहणार नाही हे मी ओळखलं होतं, मग तिला कशाला हवं, असा हिशेब माझ्या मनानं केला. आठ जणांचा चहा, मग पोरांना प्यायला, मग भात. दुपारपर्यंत हंडा रिकामा.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा केसर वर आली. उन्हानं तोंड लाल झालेलं. सकाळपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिनं झाकण काढलं, हंडा कलता केला, आणखी कलता केला. मग व्हरांड्यातल्या कपबशांकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"केसर, टाकीत पाल व्हती गो," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली.

"माझ्यातलं घे ना. हा भरलेला हाय."

"भरलेलाच हाय, दिसतंय मला."

तिनं हंडा पालथा घातला आणि परत खडकावर गेली. शेठाणीनं तिला शहाळं पाठवलं. बिचारीला आमच्यातलं काय ठाऊक! ते तिनं घेतलं. परक्याकडून घेतलं, माझ्याकडून नाही.

संध्याकाळी धार उघडी पडली तशी ती उठली. मी धावत खाली गेले.

"एकटी जाऊ नको. घरी काय सांगशील?"

"ते मी बघेन. तू जा, भात लागेल तुझा." एवढं बोलून तिनं लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरली. रिकामा हंडा काखेला. एकदाही मागं बघितलं नाही.

तीन दिवस आम्ही रांधलं. शेठ-शेठाणी माणसं चांगली. आत्या कोलंबी खाऊन खाऊन तृप्त झाली, त्यांच्या पोरांना गाणीसुद्धा शिकवली. तिसऱ्या दिवशी शेठाणी मला आत घेऊन गेली, म्हणाली, बस खाटेवर, बघ. मी टेकले. खाट करकरली. मी लगेच उठले. मला सारखं दिसत होतं ते घर: केसर परत आलेली, थोरली जाऊ हसतेय, सासू विचारतेय, वाड्यातल्या बाया दारात जमल्यात. सहा आठवडे जिनं तयारी केली ती एका दिवसात रिकाम्या हंड्यानं परत. तोंड कसं दाखवलं असेल तिनं? आणि मी गेल्यावर माझं कसं दाखवू?

चौथ्या दिवशी सकाळी, ओहोटीची वेळ पुढं सरकली होती म्हणून चांगलं उजाडल्यावर, आम्ही परत निघालो. किनाऱ्याला लागलो. तिथं केवड्याच्या बनाशी कोणी बाई बसलेली. केसर.

"चला," ती म्हणाली. "मी तुमचीच वाट बघत व्हते. एकदमच घरी जाऊ."

आत्याच्या हातातलं गाठोडं पडलं. "अगो, म्हणजे तू घरी गेलीस न्हाय?"

"घरी कशाला जाऊ? तीन दिवस सांगून निघाले व्हते."

मी तिच्याकडे बघत राहिले. अंगावर नवं लुगडं. केसांना तेल, चांगलं मुरवून लावलेलं, आणि अंबाडा वर, घट्ट, मागून कोणीतरी बसून घातल्यासारखा. स्वतःच्या हातानं तसा घालता येत नाही. त्यात अबोलीचा वळेसर. हंडा शेजारी, भरलेला.

"केसर, कुठं व्हतीस गो?"

"पाव्हणी व्हते."

"कुणाकडं?"

तिनं हंडा डोक्यावर घेतला. "चल, उशीर व्हतो."

त्यानंतर आम्ही सदतीस वर्षं शेजारी राहिलो. बाळंतपणं एकमेकींची काढली, तिची सून मी पसंत केली, माझे मालक गेले तेव्हा तेरा दिवस माझी चूल तिनं सांभाळली. माझ्याशी ती कधी वाकडं बोलली नाही. पण हे एक तिनं मला दिलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती हसली, आणि ते हसणं मला उद्देशून नव्हतं. कुठल्या तरी घरात तिला कोणी बसवून वाढलं, कोणी तिच्या केसांना तेल लावलं, आणि ते घर कुठलं हे माहीत असायचा माझा हक्क त्या सकाळच्या चहाबरोबर गेला. तिच्याबरोबर ते घरही आता गेलं. विठोबाला मी बोलले, खूप बोलले, पण त्याला शेवटपर्यंत कळलं नाही त्यात एवढं काय होतं. त्याला न कळणं सोपं होतं. मला कळलं होतं.

त्या दिवशी आम्ही तिघी घरी आलो. सासू, थोरली जाऊ, शेजारच्या चार बाया, सगळ्या ओटीवर जमल्या. हरेश्वरसुद्धा जाळं बाजूला ठेवून बसला.

"मग? कसा हाय बंगला?" सासूनं विचारलं.

मी हंडा खाली ठेवायला वळले. आत्या पदरानं तोंड पुसायला लागली.

केसर पाय पसरून बसली. "काय सांगू, सासूबाय. सकाळी उठले तर भाकर तव्यावर फुगत व्हती. मी उठायला गेले तर खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं मला. म्हणाल्या, बाय, तू बस."

"कोण म्हणालं? शेठाणी आली व्हती काय?" सासूनं विचारलं.

"घरातलीच माणसं," केसर म्हणाली. "वालाचं बिरडं केलं व्हतं, वर खोबरं. एका दिवशी घावन. पाणी संपलं की लगेच पेल्यात पाणी. न्हाय काय गो, नीरा?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिनं एकटीनं बघितलं नाही. ती सांगत राहिली, एकेक पदार्थ, कोणी काय वाढलं, किती आग्रह केला, आणि प्रत्येकाला मी "व्हय, व्हय" म्हणत साक्ष दिली.